निळ्या पट्ट्याच्या पाहुण्यांकडून रिसॉर्टच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

माननीय व्यवस्थापक महोदय,

हे पत्र मी आधी तुम्हाला खासगीत पाठवलं होतं. उत्तर आलं, तेही लगेच. माझा अभिप्राय तुमच्यासाठी अमूल्य आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल तुम्ही दिलगीर आहात आणि पुढच्या मुक्कामावर मला सवलत मिळेल, एवढं त्यात होतं. मी विचारलेल्या एकाही प्रश्नाचा उल्लेख नव्हता. म्हणून तेच प्रश्न आता चारचौघांत विचारते आहे. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, कारण मनगटावरच्या पट्ट्याचा रंग बघून पाहुण्यांना वागवण्याचा हा कारभार एकट्या तुमच्याकडेच चालतो असं मला वाटत नाही. इतर व्यवस्थापकांपैकी ज्यांना हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल, त्यांनी खुशाल तसं समजावं.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे 'यांना निम्म्या पैशांत राजवाडा हवा होता' असं कोणी म्हणायला नको. जास्त पैसे मोजणाऱ्याला मोठी खोली मिळाली, त्याच्या गॅलरीतून समुद्र दिसला, तर माझ्या पोटात दुखायचं कारण नाही. नाटकाला पुढच्या रांगेचं तिकीट महाग असतं आणि मागे बसणारा त्यावरून भांडत नाही; तिकीट काढतानाच आपण काय घेतोय आणि काय सोडतोय हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या गाद्या-चादरी उत्तम होत्या, बाग सुंदर आहे, नळाला गरम पाणी वेळेवर येत होतं. माझी तक्रार एवढीच आहे की जे आम्हा सगळ्यांना एकाच शब्दांत विकलं, ते आत आल्यावर माणूस बघून वाटलं गेलं. आणि तसं चाललंय हे कबूल करायची कोणाचीच तयारी नव्हती.

चेक-इनची वेळ दुपारी दोनची. आम्ही वेळेवर पोचलो. प्रवासात आईचे पाय सुजले होते, कधी एकदा आडवी होते असं तिला झालं होतं. रिसेप्शनवर सांगितलं, "रूम अजून तयार नाहीत, हाउसकीपिंग चालू आहे." ठीक आहे. सुट्ट्यांचे दिवस, आदल्या दिवशीचे पाहुणे उशिरा निघाले असतील, असं म्हणून बसलो. मग आमच्यानंतर आलेली मंडळी बाजूच्या वेगळ्या टेबलाकडे जाऊ लागली. त्यांना थंड टॉवेल, हसून विचारपूस आणि पाच-दहा मिनिटांत चावी. तासाभराने मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच, शब्दही तेच. अखेर खोली मिळाली तेव्हा मजल्यावर सफाईचं काम करणाऱ्या बाई भेटल्या. मी सहज म्हटलं, आज फारच धावपळ झाली असेल ना तुमची? त्या म्हणाल्या, "नाही हो, हा मजला तर अकरालाच आवरून झाला होता."

म्हणजे खोली तयार होती, फक्त आम्हाला द्यायची नव्हती. या धंद्यात हे नवीन नाही, एवढं मलाही ठाऊक आहे. वरच्या श्रेणीतल्या पाहुण्यांच्या खोल्या सकाळीच त्यांच्या नावावर टाकून ठेवतात, त्यांच्यापैकी कोणाला अपग्रेड देता येईल ते बघतात, आणि ते सगळं मार्गी लागलं की उरलेल्या खोल्या बाकीच्यांच्या वाट्याला येतात. तुमचं रिसॉर्ट, तुमची पद्धत. पण मग हाउसकीपिंगवर बिल फाडायचं कारण काय? व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये ताटकळणाऱ्या ग्राहकाच्या मानसिकतेवर लिहिलं होतं. कारण न सांगता थांबायला लावलं तर तेवढाच वेळ जास्त लांबतो, आणि आपल्यावर अन्याय होतोय असं दिसत असेल तर आणखीच लांबतो, हे त्यांचं निरीक्षण आज हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनाही शिकवलं जातं. तुमच्या लॉबीत अन्याय डोळ्यांसमोर चालू होता आणि कारण सांगितलं तेही खोटं.

चावीबरोबर मनगटाला पट्टा बांधला. आमचा निळा. कोणाचा सोनेरी, कोणाचा हिरवा. निळ्याला काय मिळतं, काय मिळत नाही, हे ना बुकिंगच्या पानावर लिहिलेलं होतं, ना खोलीतल्या माहितीपत्रकात. 'नाही' ऐकत ऐकतच आम्ही ते शिकलो.

आता आईच्या खोलीबद्दल. या पत्रातलं बाकी सगळं तुम्ही विसरलात तरी चालेल. बुकिंग करतानाच मी लिहिलं होतं की बरोबर वयस्कर आई आहे, तिचे गुडघे दुखतात, तळमजल्याची खोली हवी. विनंतीची नोंद घेतल्याचं तुमचं उत्तर आलं, खाली बारीक अक्षरांत 'उपलब्धतेनुसार'. प्रत्यक्षात मिळाली ती मागच्या इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची खोली. त्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि आम्ही निघेपर्यंत बंदच राहिली. मी रिसेप्शनवर गेले. तळमजला पूर्ण भरलाय, असं सांगण्यात आलं. त्या रात्री जेवून परत येताना मुख्य इमारतीच्या तळमजल्यावरून चालत आलो, तर ओळीने खोल्या अंधारात. पडदे सारखे केलेले, गॅलरीतल्या खुर्च्या एकमेकींवर पालथ्या घातलेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुन्हा विचारल्यावर थोड्या वरच्या हुद्द्यावरचे एक गृहस्थ बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्या रूम मेंबरांसाठी ठेवाव्या लागतात मॅडम. कोणी ऐनवेळी आलं तर पंचाईत होते."

आले का कोणी? आमच्या मुक्कामात तरी त्यातल्या बऱ्याच खोल्यांत दिवा लागलेला मला दिसला नाही.

आई जिन्याच्या प्रत्येक वळणावर कठड्याला धरून उभी राहायची. दिवसातून एकदाच खाली उतरायचं, असं शेवटी तिचं तिनेच ठरवून टाकलं. चिडली मात्र नाही. म्हणाली, "नाही म्हणून आधी सांगितलं असतं तर मी आलेच नसते, तुम्ही तरी मोकळेपणाने हिंडला असतात." तिला जिन्यापेक्षा जास्त लागलं ते हे की आपल्यामुळे सगळ्यांची सुट्टी वाया चालली आहे. ही अपराधी भावना तुमच्या 'उपलब्धतेनुसार' या शब्दाने तिच्या पदरात टाकली, आणि खोल्या तर उपलब्ध होत्या.

याच काळात मुख्य इमारतीच्या व्हरांड्यातला एक दिवा गेला होता. चहा पिऊन होईपर्यंत शिडी घेऊन माणूस आला, दिवा बदलून गेला. आमच्या लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती. दुरुस्ती करणारा मात्र कोणी फिरकताना दिसला नाही. सुरक्षितता आणि चालण्या-फिरण्याची सोय या गोष्टी पट्ट्याच्या रंगावर ठरत असतील, तर तो आदरातिथ्यातला उणेपणा म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार राहत नाही.

बाकीचं भराभर सांगते. ज्या स्विमिंग पूलचा फोटो बघून आम्ही बुकिंग केलं, तो आमच्यासाठी नव्हताच. आमचा मागे होता, लहान आणि दुपारनंतर सावलीत जाणारा. फोटोतल्या पूलच्या काठावर खुर्च्यांवर 'राखीव' अशा पाट्या आणि घडी घातलेले टॉवेल, माणूस एकही नाही. जेवणघरात खिडकीकडची अर्धी जागा पडदा लावून वेगळी केलेली होती. खोलीतला फोन लावला की आमच्याकडे 'थोड्या वेळात पाठवतो', आणि थोडा वेळ म्हणजे कधीकधी दुसरा दिवस. माझ्या मुलीची तिथे एका मुलीशी गट्टी जमली होती. दुपारभर दोघी एकत्र खेळल्या आणि संध्याकाळी तळ्यावर होडी निघाली तेव्हा एकीला आत घेतलं, दुसरीला मनगट बघून बाजूला उभं केलं. होडीत जागा होती. हे काम ज्या तरुणाला करावं लागलं त्याचा चेहरा माझ्या मुलीपेक्षा पडलेला होता.

तुम्ही म्हणाल, बाई, धंदा असाच चालतो. ऐकते मी ते. नेहमीच्या ग्राहकाला बांधून ठेवण्याच्या या योजना मुळात विमान कंपन्यांच्या. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी अशी योजना काढली, दोनच वर्षांत हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्यांनी आपापल्या योजना सुरू केल्या, आणि मग ही लाट थांबली नाही. त्यात ऑनलाइन बुकिंगच्या साइट आल्या. त्या प्रत्येक खोलीमागे पंधरा-वीस टक्के, कधी त्याहूनही जास्त कमिशन घेतात. साहजिकच तिथून येणारा पाहुणा तुमच्या हिशेबात कमी फायद्याचा. रूम वाटताना त्याचं नाव खाली सरकतं. एकच रिसॉर्ट, पण त्यात हक्काचे आठवडे विकत घेतलेले मेंबर, दुसऱ्या रिसॉर्टशी अदलाबदल करून आलेले, कंपनीच्या बैठकीसाठी आणलेले, कार्यक्रमाचा घाऊक दर लावून आलेले आणि आमच्यासारखे साइटवरून आलेले, असे सगळे एकाच छताखाली. सगळ्यांना सारखं ठेवणं अवघड आहे, हे मान्य.

पण इथे एक गोम आहे. मान पैशाप्रमाणे मिळतो असा जो आव आणला जातो, तो खराही नाही. आमच्या शेजारच्या टेबलावर एक सोनेरी पट्ट्याचं कुटुंब होतं, बोलकं आणि मनमोकळं. गप्पांत कळलं की त्यांचा सगळा खर्च त्यांच्या कंपनीने केला होता, आणि कंपनीला घाऊक दर मिळाला होता. आम्ही ऐन हंगामात साइटवर दिसेल तो पूर्ण दर भरला होता. म्हणजे एका खोलीचा विचार केला तर कदाचित आम्हीच जास्त मोजले असतील. तेव्हा हा पट्टा पैशाचा नाही, दाराचा आहे: तुम्ही कुठल्या दाराने आत आलात, एवढंच तो सांगतो. साइटने तुमच्याकडून कमिशन घेतलं हा तुमचा आणि साइटचा व्यवहार. त्याची वसुली माझ्या आईच्या गुडघ्यांकडून का?

गंमत अशी की सुट्टीसाठी खास वसवलेल्या ठिकाणांची ही कल्पना लोकप्रिय झाली ती बरोबर उलट्या टोकाकडून. जेरार ब्लिट्झ या बेल्जियन गृहस्थांनी १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून पहिला क्लब मेड वसवला. तिथे कर्मचारी आणि पाहुणे एकाच टेबलावर जेवायला बसत. पुढे त्या क्लबांत पैशांऐवजी मणी चालायचे. गळ्यातल्या माळेतले मणी काढून द्यायचे आणि पेय घ्यायचं. पाकीट जवळ नाही, त्यामुळे कोणाचं पाकीट किती जाड हे दिसायची सोयच नव्हती. नंतर ती कंपनीही महागड्या वाटेला लागली, आणि तंबूतल्या त्या दिवसांत सगळं गोडच होतं असा माझा दावा नाही. पण अंगावर घालायची एक वस्तू पाहुण्यांमधला फरक झाकण्यासाठी वापरता येते, हे तुमच्याच व्यवसायाने एकदा करून दाखवलं होतं. तुम्ही तसलीच वस्तू फरक दाखवण्यासाठी वापरता.

आणि दाखवण्याचे परिणाम होतात. २०१६ मध्ये कॅथरीन डिसेल्स आणि मायकेल नॉर्टन या अभ्यासकांनी विमानात प्रवाशांनी घातलेल्या गोंधळाच्या नोंदी तपासल्या. ज्या विमानांत पहिला वर्ग होता, तिथे साध्या वर्गात असे प्रकार घडण्याचं प्रमाण जवळजवळ चौपट आढळलं. चढताना पहिल्या वर्गातून चालत जावं लागलं तर ते आणखी वाढलेलं दिसलं. या आकडेमोडीवर, विशेषतः दुसऱ्या निष्कर्षावर, संख्याशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतलेत, तेव्हा चौपट म्हणजे चौपटच असं मी धरून बसणार नाही. मात्र तुमच्या जेवणघरात पडद्याच्या अलीकडे एका वेटरवर किती जण किती क्षुल्लक कारणांवरून ओरडत होते, ते तुम्ही एकदा येऊन बघा. पडद्यापलीकडेही वातावरण फार निराळं नव्हतं. तिथे 'आमचा पट्टा दिसत नाही का' हे वाक्य मी स्वतः ऐकलं. माणसाला त्याची पायरी दाखवून द्यायची सवय लावली की खालचा चिडतो आणि वरचा उर्मट होतो. मधल्या मधे भरडला जातो तो ट्रे घेऊन उभा असलेला मुलगा.

या मुलांबद्दल मला खरंच बोलायचं आहे. ज्यांनी आमच्याशी खोटं बोललं, त्यांच्यावर माझा राग नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानात काम करणाऱ्या तरुणींचा अभ्यास करून १९८३ मध्ये दाखवून दिलं की हसतमुख राहणं, आतून काहीही वाटत असलं तरी चेहऱ्यावर ते येऊ न देणं, हीसुद्धा मजुरीच आहे, आणि ती माणसाला थकवते. तुमच्या कर्मचाऱ्यांना हसण्याची मजुरी आहेच. वर तुम्ही त्यांना रंग बघून हसायला आणि रंग बघून थापा मारायला लावता. रिसेप्शनवरच्या मुलीला ठाऊक होतं की तळमजला रिकामा आहे. ती माझ्या आईच्या पायांकडे बघत 'फुल आहे' म्हणाली आणि मग बराच वेळ कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर वर केली नाही. त्या मुलीला 'या खोल्या राखून ठेवल्या आहेत, मला देता येत नाहीत' एवढं म्हणण्याची मुभा नाही का? मी भांडले असते, पण ते तुमच्या धोरणाशी. तिला खोटं बोलावं लागलं नसतं.

या खोटेपणाची तुम्हाला धास्ती का वाटत नाही, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. खरं सांगितलं तर ग्राहक बुकिंग करणार नाही अशी भीती असेल, तर त्याचा अर्थ तुम्हालाही कळतो: जे विकताय ते उघड लिहिलं तर विकलं जाणार नाही, हे तुम्हाला आधीच माहीत आहे. आणि लपवून विकलं की नंतर रिव्ह्यूमध्ये एक चांदणी मिळते, त्याखाली तुमचं तेच दिलगिरीचं वाक्य येतं. मी नंतर बसून तुमच्या कितीतरी रिव्ह्यूंखालची उत्तरं वाचली. तक्रार पालीची असो की पट्ट्याची, उत्तर एकच. स्वल्पविरामसुद्धा तिथल्या तिथे.

मागण्या साध्या आहेत. बुकिंगच्या पानावर, पैसे भरायच्या आधी, कुठल्या पट्ट्याला काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे सरळ भाषेत लिहा. जो पूल आमच्यासाठी नाही, त्याच्या फोटोखाली तसं लिहा. किंवा फोटोच काढून टाका. मुलांच्या खेळांना आणि होडीला पट्टा लावू नका. एवढं केल्याने कुठला मेंबर रुसून जाणार असेल, तर तो कशासाठी मेंबर झाला होता याचा विचार तुम्ही करा. दुरुस्तीच्या तक्रारी ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने घ्या, आणि लिफ्ट, जिन्यातले दिवे, न लागणाऱ्या कड्या-कुलपं यांना सगळ्यांच्या आधी, मग ती इमारत पुढची असो वा मागची. लॉबीत थांबावं लागणार असेल तर खरं कारण आणि अंदाजे वेळ सांगा. आम्ही थांबू. लोक थांबतात.

राहिला तळमजला. ज्यांना जिना चढता येत नाही, ज्यांच्याबरोबर चाकांची खुर्ची किंवा तान्हं बाळ आहे, त्यांच्या खोल्या अपग्रेडच्या यादीला हात लावण्याआधी ठरल्या पाहिजेत. ऐनवेळी येणाऱ्या मेंबरांसाठी खोल्या धरून ठेवायच्याच असतील, तर संध्याकाळची एक वेळ जाहीर करा. त्यानंतर रिकामी राहिलेली खोली ज्याला गरज आहे आणि ज्याने आधीपासून मागून ठेवली आहे, त्याला द्या. या खोल्या सध्या कोणासाठी, किती वाजेपर्यंत आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद ठेवल्या जातात, याचं लेखी उत्तर मला हवं आहे, ज्याने ते ठरवलं त्याच्या हुद्द्यासह. ते आलं की एक शब्दही न बदलता या पत्राखाली प्रसिद्ध करेन.

कळावे,
आपली एक पाहुणी